सासूबाईंनी सांगितलेले माझे आजार

विमा काढायला निघाले तेव्हा मला एकही आजार नव्हता. आठवड्याभरात पाच झाले.

आणि हे पाचही आजार मला एकाच सकाळी झाले, तेही मी घरात नसताना! पण ते सांगायच्या आधी सायकलचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पंचावन्न वर्षांच्या या बाईला भलत्या वयात ही अवदसा काहून आठवली.

त्याला कारण आमचं मंत्रालय. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, मग त्याला नवी राजधानी पाहिजे म्हणून नवं रायपूर वसवलं, आणि एक दिवस आमचं ऑफिस कपाटं-खुर्च्यांसकट उचलून तिकडे नेलं. तिथले रस्ते असे रुंद, की पलीकडे ओळखीचं कोणी दिसलं तर हाक मारून उपयोग नाही, फोनच करावा लागतो. आणि त्यावर माणूस नाही! स्टाफ बसच्या खिडकीतून तो रिकामा रस्ता रोज पाहून माझा जीव कळवळायचा. आमच्या घरात काही वाया गेलेलं मला खपत नाही. शिळ्या पोळीचा मी कुस्करा करते, फाटक्या चादरीची पायपुसणी करते. एवढ्या रस्त्याचं काय करणार? सायकल घेतली.

साहू भैया म्हणून आमच्या सायकल ग्रुपचे सर्वेसर्वा आहेत. दर रविवारी सकाळी दहा-बारा जणांना घेऊन ते त्या रस्त्यांवरून फिरतात. एका रविवारी त्यांनी चालत्या सायकलीवरूनच जाहीर केलं, की यंदा श्रीलंका! समुद्राकाठानं निघायचं आणि वर चहाच्या मळ्यांपर्यंत सायकलनं चढायचं. मी आयुष्यात तिरुपतीच्या पुढे गेले नव्हते. (माहेर नागपूर. ते प्रवासात धरत नाहीत.) मी आनंदानं दोन्ही हात वर केले. दोन्ही हात वर केल्यावर सायकलचं हँडल कोणी धरायचं असतं हे मला रस्त्यावर बसल्यावर सुचलं. कोपराला खरचटलं, पण ते जाऊ द्या, ते विम्याच्या आधीचं.

साहू भैयांनी मला उठवलं आणि तिथेच अट घातली. "दीदी, बीमा चाहिए. साइकिल वाला. अगले इतवार तक नहीं हुआ तो आपकी जगह तिवारी मैडम जाएँगी."

तिवारी मॅडम वेटिंगवर पहिल्या होत्या. त्या दिवसापासून त्या मला रोज फोन करून विचारायला लागल्या, "तबियत ठीक है न, दीदी?" मी "एकदम फर्स्ट क्लास" म्हटलं, की पलीकडे जराशी शांतता पसरायची.

मला वाटलं, विमा म्हणजे काय मोठं! सदर बाजारात एका कापडाच्या दुकानावर वरच्या मजल्यावर एक एजंट बसतो, आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे स्कूटरचे विमे त्याच्याकडे आहेत. गेले.

"जाना किससे है, दीदी? ट्रेन या फ्लाइट?"

"साइकिल से."

"नहीं नहीं, वहाँ तक?"

"वहाँ तक फ्लाइट. वहाँ पहुँच के साइकिल."

"तो फ्लाइट का कर देता हूँ."

"और साइकिल पे कुछ हुआ तो?"

त्यानं पेन कानामागे खोचलं आणि मनापासून विचार केला. माझ्यासाठी इतका विचार आजवर कोणत्याच एजंटनं केला नव्हता. मग म्हणाला, "दीदी, आप ऐसा करना. जब लगे कि गिरने वाली हो, पहले उतर जाना. फिर गिरना."

घरी येऊन मी लेकीला कामाला लावलं. आमची चिऊ नव्या रायपूरलाच कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देते. रात्रीच्या जेवणाला ती मोबाइलवर एकेका कंपनीच्या अटी वाचायची आणि आमच्या ताटातलं वरण गार व्हायचं.

"मम्मी, इसमें साइकिल टूर को खतरनाक खेल में डाला है. विमान से कूदने के साथ."

"अगं, मी काय उडी मारून राहिली काय कुठून? बसूनच तर असते मी!"

"ये दूसरा अच्छा है. साइकिल चोरी हुई तो पूरा पैसा. पर होटल के कमरे में ताला लगा के रखी हो तभी. और तुम साइकिल पे बैठी हो और कुछ हो गया, तो कुछ नहीं."

यावर आमचे हे म्हणाले, "सोपं आहे. मंग तू खोलीले कुलूप लावून आतच बस सायकलवर." (हे बँकेत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जात खोट काढून निवृत्त झाले आहेत.)

तिसरी कंपनी सायकल चालवू देत होती, पण ठरावीक उंचीपर्यंतच. म्हणजे पायथ्याशी चालवायची, आणि विमा संपला की तिथून पुढे सायकल बकरीसारखी ओढत चढायचं. चौथीला सायकल चालत होती, घाट चालत होता, फक्त मी चालत नव्हते. वय! मी वैतागून पानावरून उठले. तिवारी मॅडम श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यात माझ्या जागेवर उभ्या राहून फोटो काढताहेत, असं मला स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर उभ्याउभ्या दिसायला लागलं.

आणि अशात, रविवारला चार दिवस उरले असताना, चिऊला एक कंपनी सापडली. सायकल चालते, घाट चालतो, पडलेलं चालतं, माझं वयसुद्धा चालतं! फक्त पन्नाशीच्या पुढच्यांना कंपनीकडून फोन येणार, तब्येतीचे चार प्रश्न विचारणार, झालं. शेवटी एक प्रश्न होता: आपल्याशी कोणत्या भाषेत बोलावे?

चिऊ म्हणाली, "हिंदी डाल दूँ?"

"काहून? मराठी आहे न त्यात? मराठी टाक!"

आता तुम्हीच सांगा, इथं काय चूक झाली? रायपुरात जन्म काढला की मराठी माणसाला भाषा निवडायची संधी सहसा मिळत नाही. भाजीवाल्याशी हिंदी, ऑफिसात हिंदी, पोटच्या पोरीशी अर्धी हिंदी. इथं एक कंपनी आपण होऊन विचारते आहे, तर मी काय मागे हटू? छाती फुगवून मराठीवर बोट ठेवलं. माझ्या पाचही आजारांची सुरुवात त्या बोटापासून झाली.

कारण आमच्या घरी सासूबाई आहेत.

सासूबाई मूळच्या पुलगावच्या. सासरे रेल्वेत होते म्हणून इकडे आल्या आणि समता कॉलनीत घर बांधून इथल्याच झाल्या. ऐंशीच्या पुढे आहेत, कान तिखट, आवाज त्याहून तिखट. घरात कोणाचाही फोन वाजला तर पहिल्यांदा त्याच उचलतात. समोरचा हिंदीत बोलला तर "घर पे कोई नही है, बाद में करना!" म्हणून ठेवून देतात. मग घरात आम्ही सगळे रांगेनं बसलेलो का असेना! पण समोरून मराठी आली, तर त्या आधी खुर्ची ओढून घेतात.

आणि सासूबाईंची दुसरी सवय म्हणजे माझी बदनामी. हो, बदनामीच म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून, कोणी विचारलं, "सूनबाई कशी आहे?" की यांचं सुरू. "कुठली कशी, बापा! दोन घास खाते न् पडून राहते." मला प्रमोशन मिळालं तेव्हा शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या. "कसलं प्रमोशन! टेबल बदललं फक्त." मी केलेल्या पुरणपोळ्या पाहुणे मिटक्या मारत खात असायचे आणि ह्या म्हणायच्या, "आज कशातरी जमल्या बाई. नाहीतर हिचे हात दुखतेत, हिले काही होत नाही." तीस वर्षं मी हे ऐकत आले, आणि दर वेळी आत जाऊन भांडी जरा जोरात घासत आले. मोलकरीण ठेवली तरी त्या कामासाठी एक पातेलं मी बाजूला ठेवायचे!

तर शनिवारी सकाळी मी पावसाळी जाकीट घ्यायला बाजारात गेले आणि फोन चार्जिंगला लावून गेले. परत आले तर सासूबाई झोपाळ्यावर बसून इतक्या खुश, की मला वाटलं पुलगावहून कोणी आलं.

"सुनंदे, पुण्याहून फोन आला होता बरं तुले. किती गोड पोट्टी! काय शुद्ध बोलते! मी म्हटलं, लग्न झालं काय? तर नाही म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडचा एक पोरगा आहे..."

माझ्या हातातलं जाकीट खाली पडलं. "आई, कोणाचा फोन? विम्याचा?"

"हाव, तोच असन. तुझीच चौकशी करत होती. मी म्हटलं, ती बाजारात गेली. तर म्हणे मी नंतर करते. मी म्हटलं, नंतर काहून? मी सासू आहो तिची, मले माहीत नाही असं तिचं काय आहे?"

"मग? काय सांगितलं तुम्ही?"

"काय सांगणार?" सासूबाईंनी झोपाळ्याला पायानं हलकासा झोका दिला. "नेहमीचंच."

नेहमीचंच! आणि पाचच मिनिटांत फोनवर कंपनीचं पत्र आलं. काय सुंदर मराठी होती त्यात! 'आपल्या कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीने दिलेल्या माहितीनुसार आपणांस तीव्र गुडघेदुखी, वारंवार भोवळ, जिना चढताना धाप व रक्तदाब यांचा त्रास असून आपला आहार अत्यल्प असल्याचे समजते. सबब आपला अर्ज तूर्त स्वीकारता येत नाही. आपणांस लवकर बरे वाटो.'

"आपणांस लवकर बरे वाटो!" मी ओरडले. हे पेपर टाकून धावत आले. चिऊ वरून खाली आली. आणि त्याच वेळी, खोटं सांगत नाही, तिवारी मॅडमचा फोन आला. "तबियत ठीक है न, दीदी?"

त्यानंतर समता कॉलनीनं माझा आवाज ऐकला. तीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. प्रमोशन आलं, पुरणपोळ्या आल्या, घासलेली पातेली आली. "एकदा! आयुष्यात एकदा मले कुठंतरी जायचं होतं! तुम्हाला माझं एकही चांगलं बघवत नाही न, आई?" असंही मी बोलून गेले. सासूबाईंनी झोपाळा थांबवला, पदर सावरला, आणि हळूहळू देवघरात निघून गेल्या. ज्या बाईला उत्तर द्यायला कधी उशीर होत नाही, ती गप्प राहिली याची मला उलट धास्ती वाटली.

हे माझ्याकडे वेड्यासारखे पाहत होते. "सुनंदा, तुले खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अगं, दृष्ट! दृष्ट लागू नये म्हणून करते आई ते. जे आपलं चांगलं आहे ते चारचौघांत चांगलं नाही म्हणायचं. माझ्याबद्दल कधी ऐकलं तू असं बोलताना?"

मी आठवून पाहिलं. यांच्याबद्दल सासूबाई सगळ्यांना सांगतात, "आमचा रमेश एकदम ठीक आहे." यांना म्हणे लहानपणापासून याचंच वाईट वाटत आलं आहे!

"पण दृष्ट लहान पोरांची काढतात," मी म्हटलं. "मी पंचावन्न वर्षांची बाई! मले कोण दृष्ट लावते?"

यांनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आईची धाकटी बहीण होती एक. सारं गाव म्हणत होतं, पोट्टी वाघीण आहे, कधी शिंकत नाही. एका तापात गेली. तवापासून आई जीवाच्या माणसाले धडधाकट म्हणू देत नाही. ज्याच्यात जास्त जीव, त्याले जास्त आजार."

"हे तुम्ही मले तीस वर्षांत सांगितलं नाही?"

"मले वाटलं, तुले माहीत असन."

घ्या! बँकेतला माणूस. विचारल्याशिवाय माहिती देत नाही.

मला इतकी लाज वाटली, की काय सांगू. देवघरात गेले. सासूबाई दिव्याची वात सारखी करत होत्या, चांगली असलेली वात पुन्हा पुन्हा. मी बाजूला बसले आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं. मले कळलंच नव्हतं."

"तुले ओरडाले दम लागला नाही," त्या म्हणाल्या, "ते एक बरं झालं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "एवढ्या दूर चालली. समुद्रापार. त्यात सायकलवर. मी त्या पोट्टीले म्हणू काय, की माझी सून ठणठणीत आहे म्हणून? अन् मंग काही झालं तर?"

तिकडे चिऊनं कंपनीला फोन लावून हिंदीतून असा दणका दिला, की कंपनी कबूल झाली. त्यांचे डॉक्टर रविवारी सकाळी व्हिडिओवर मला स्वतः बघणार आणि तिथल्या तिथे ठरवणार. साहू भैयांनीही दुपारपर्यंतची सवलत दिली. ("लेकिन दीदी, तिवारी मैडम ने बैग भर लिया है.")

रविवारी सकाळी मी सायकलीची पिवळी जर्सी घालून, केस बांधून, हॉलच्या मधोमध उभी. चिऊ समोर फोन धरून. यांना सांगितलं होतं की हसून उभे राहा पण काही बोलू नका. आणि सासूबाईंना हात जोडून विनंती केली होती, की आई, तुम्ही फक्त आत बसा. त्या मान डोलावून स्वयंपाकघरात गेल्या. इतक्या सहजासहजी त्या का गेल्या, असा विचार माझ्या डोक्यात यायला पाहिजे होता.

डॉक्टर चष्मा लावलेले, साठीचे, मराठी बोलणारे. बोलण्यावरून साताऱ्याकडचे वाटले. "नमस्कार ताई. उठाबशा काढता येतील? धाप लागते का बघू या."

धाप? मी उठाबशा सुरू केल्या. दहा झाल्या, पंधरा झाल्या, गुडघ्यांचा आवाजसुद्धा नाही! डॉक्टर म्हणाले, "वा, छान!" आणि स्वयंपाकघरातून पहिली धुराची वळकटी बाहेर आली.

आतल्या बाईनं काय करावं? बाहेर परका माणूस सुनेला "छान" म्हणतो आहे, तेही फोनमधून, म्हणजे आणखी किती जण बघताहेत कोण जाणे! त्यांनी तव्यावर मीठ-मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या ओतल्या होत्या.

अठराव्या उठाबशीला माझा घसा धरला. विसाव्याला मी खोकायला लागले. चिऊ खोकायला लागली, त्यामुळे फोन हलायला लागला, त्यामुळे डॉक्टरांना आमचं घर भूकंपात सापडल्यासारखं दिसायला लागलं. हे हसून उभे होते, सांगितल्याप्रमाणे, आणि खोकत होते.

"ताई, श्वासाचा त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरांनी पेन उचललं.

"नाही हो... हे... मिर..." पुढचं बोलता येईना. डोळ्यांतून धारा.

"आणि डोळ्यांना पाणी येतं. घरात आणखी कोणाला दमा? यजमानांना दिसतोय."

एवढ्यात धुरातून सासूबाई बाहेर आल्या, हातात तवा, पदर नाकाला, आणि चेहऱ्यावर दिवाळी! "ठसका आला! पाह्य सुनंदे, साऱ्यांले कसा ठसका आला! काही लागली नाही तुले कोणाची!"

(ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मिरच्या जाळून ठसका आला नाही, तर समजायचं की दृष्ट जबर लागली आहे. सगळं घर खोकून खोकून बेजार झालं, म्हणजे माणूस निरोगी! आमच्याकडची वैद्यकीय तपासणी ही अशी. कंपनीची नेमकी उलटी.)

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मिरच्या का, आजी?"

सासूबाई दचकल्या. फोनमधला माणूस आपल्याशी बोलेल हे त्यांना अपेक्षित नव्हतं. "हाव."

"आमची आईसुद्धा करायची. पुढे या जरा." डॉक्टरांचा आवाज मवाळ झाला, पण पेन हातातच होतं. "आजी, फोनवर आजार सांगितले ते तुम्हीच ना? माझ्यासमोर तेच लिहिलेलं आहे. आता मला खरं सांगा. सूनबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे?"

हॉलमध्ये कोणी खोकेना. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. श्रीलंका माझी होती, पण भीती त्यांची होती, आणि ती माझ्या जन्माच्या आधीपासूनची होती. मनात म्हटलं, नाही बोलल्या तरी चालेल. जाऊ दे तिवारी मॅडमला.

सासूबाईंनी तवा खाली ठेवला. पदर खोचला. आणि फोनच्या अगदी जवळ जाऊन, जणू कोणी ऐकू नये अशा आवाजात (त्यांचा हा आवाज बाहेरच्या फाटकापर्यंत जातो), म्हणाल्या, "काही नाही झालं तिले."

"नक्की?"

"माझं कंबरेचं ऑपरेशन झालं तवा महिनाभर मले उचलून न्हाणीत नेत होती. हा माझा पोरगा, याच्यानं नाही झालं. ही नेत होती. न्हाऊ घालत होती, अन् मंग ऑफिसाले जात होती. गुडघे असल्याशिवाय होते काय हे? आहेत तिचे गुडघे. सारं आहे. घोड्यासारखी आहे माझी सून." आणि आवाज एकदम कापरा झाला. "मी खोटं सांगितलं होतं साहेब, तिचं नाव नका कापू. एकच तर मागते आहे, जाऊ द्या तिले."

एवढं बोलल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी घाईघाईनं मान वळवली आणि "थू थू थू" केलं. नेमकं फोनकडे तोंड करून! पलीकडे साताऱ्याच्या डॉक्टरांनी चटकन तोंड बाजूला घेतलं आणि रुमालानं गाल पुसला.

मी रडत होते. मिरच्यांचं नाव सांगून लपवता आलं असतं, पण लपवलं नाही. सासूबाईंच्या गळ्यात पडून सरळ भोकाड पसरलं, पिवळ्या जर्सीसकट. चिऊ फोन धरूनच रडली, आणि काय नवल, मराठीत म्हणाली, "आजी, तू किती गोड आहेस गं!" डॉक्टर म्हणाले, "चालू द्या तुमचं. मी मंजूर करतो. फक्त खिडक्या उघडा हो, खरंच दमा होईल."

दुपारी एकच्या सुमारास विमा आला. सायकल, घाट, पडणं, सगळ्यासकट. तिवारी मॅडमला मी स्वतः फोन करून सांगितलं, की तबियत ठीक आहे.

आणि श्रीलंकेचं काय सांगू! पहिल्या दिवशी समुद्र उजव्या हाताला धरून निघालो. नारळाची झाडं, खारट वारा, आणि रस्त्यात शाळेची पोरं हात हलवत होती. घाटात फेफे उडाली, जीभ बाहेर आली, पण उतरले नाही. वर पोहोचून चहाच्या मळ्यात उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं हसले. खरचटलंसुद्धा नाही कुठे. रोज संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या काही विचारायच्या नाहीत, फक्त डोक्यापासून पायापर्यंत मला बघून घ्यायच्या आणि "बरं" म्हणून बंद करायच्या.

परत आले तेव्हा विमानतळावर त्या स्वतः आल्या होत्या. माझे दोन्ही गुडघे त्यांनी भर गर्दीत हातानं चाचपून पाहिले. "मी बोलली, अन् काही झालं नाही," असं दोनदा म्हणाल्या, एकदा मला, एकदा स्वतःलाच. ऐंशी वर्षांच्या बाईचा चेहरा इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता. एवढा एक क्षण पाहायला मी अख्खी श्रीलंका पुन्हा चढून गेले असते.

तर अशी ही गोष्ट. सुखान्त. इथेच थांबायला हवं होतं.

पण परवा आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला. नेहमीप्रमाणे सासूबाईंनीच उचलला, आणि मराठी ऐकल्यावर खुर्ची ओढली. मी आत भाजी निवडत होते. मंडळाचं स्नेहभोजन होतं, दीडशे माणूस, पुरणपोळ्या कोण करेल असं त्या विचारत असाव्यात. मी निश्चिंत होते. दर वर्षी हाच फोन येतो, आणि दर वर्षी सासूबाई सांगतात की हिचे हात दुखतेत, हिले काही होत नाही. मग ते काम कोणा दुसऱ्या सूनबाईच्या गळ्यात पडतं. यात काही विशेष आहे असं मला तीस वर्षांत कधी वाटलंच नव्हतं.

"आमची सुनंदा करन न!" बाहेरून दणदणीत आवाज आला. "साऱ्या तीच एकटी करन! हात? काही नाही झालं तिच्या हातायले! घोड्यासारखी आहे! पुण्याच्या कंपनीनं लिहून दिलं आहे!"

मी भाजी टाकून कपाटाकडे धावले आणि पॉलिसी काढून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. सायकलवरून पडणं त्यात आहे, घाटातून घरंगळणं आहे, परदेशात हरवणंसुद्धा आहे. दीडशे माणसांच्या पुरणपोळ्या कुठेच नाहीत!